आरोग्यचिंतन : रक्ताची साक्ष

बडोद्यास स्थायिक झालेल्या आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. लग्नास आठ वर्षे झाली, कूस अद्याप उजवली नाही. आता स्त्रीबीज पक्व करणारी इंजेक्शने सुरू असून दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासले जाते. सासूबाई म्हणतात, “इतके रक्त काढले तर पोरीच्या अंगात राहील काय?”

सासूबाईंची माया खरी, भीती मात्र अनाठायी आहे. एका खेपेस चमचा-दोन चमचे रक्त पुरते, आणि ते सुनेच्याच रक्षणासाठी असते.

एरवी महिन्याकाठी बहुधा एकच स्त्रीबीज पक्व होते. औषधाने बीजांडकोशातील अनेक पुटके एकदम वाढू लागतात व प्रत्येक पुटक इस्ट्राडिओल नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. नेहमीच्या चक्रात ते मिलिलिटरमागे सुमारे २०० ते ४०० पिकोग्रॅमपर्यंत चढते. उपचारात ते हजारांच्या घरात जाऊ शकते. सोनोग्राफी पुटके दाखविते, रक्त त्यांचा जोर सांगते. दोहोंवरून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवितात.

जोर अनावर झाला तर रक्तवाहिन्यांतील पाणी झिरपून पोटात साचते व रक्त दाट होते. हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांवर जाणे, पांढऱ्या पेशी फार वाढणे ही गंभीर चिन्हे होत. दाट रक्तात गुठळी होण्याचे भय असते. बहुतेकींचा त्रास सौम्यच राहतो. तथापि २०१४ साली दिल्लीत स्त्रीबीज दान करणारी एक तरुणी याच विकाराने दगावली. २०२१ च्या कायद्याने असे दान आयुष्यात एकदाच करता येते व सातांहून अधिक बीजे काढता येत नाहीत.

या औषधाचा इतिहास आमच्या वाचकांस नवलाचा वाटेल. पाळी थांबल्यावर स्त्रीच्या मूत्रात बीज वाढविणारी संप्रेरके विपुल असतात. म्हणून इटलीतील मठांमधून वृद्ध धर्मभगिनींचे मूत्र गोळा करून हे औषध सिद्ध करण्यात आले. १९६२ साली इस्राएलमध्ये त्याच्या साहाय्याने पहिले बालक जन्मास आले. ज्यांनी स्वतः मातृत्वाचा त्याग केला, त्यांच्यामुळे इतरांच्या घरी पाळणे हलले!

शरीराबाहेर गर्भधारणा घडविणे ख्रिस्तसभेस मान्य नाही, हे १९८७ च्या ‘दोनुम व्हीते’ या पत्रकात स्पष्ट केले आहे. पती-पत्नीच्या सहवासास केवळ साहाय्य करणारा उपचार मात्र वर्ज्य नाही. आपला उपचार कोणता, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे आणि धर्मगुरूंशी बोलावे. मूल कोणत्याही मार्गाने आले तरी ते देवाचे दान म्हणूनच स्वीकारावे, असेही तेथे सांगितले आहे.

भगिनी, पोट एकाएकी फुगले, वजन झपाट्याने वाढले, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा पाय सुजून दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तपासणीचे कागद जपून ठेवा. थायरॉइडचा विकार असल्यास आधीच सांगा, कारण या काळात त्याचेही आकडे बदलतात.

आणि सासूबाई, मंदिरात अश्रू ढाळणाऱ्या हन्नेला याजकाने मद्यपी समजून दटावले होते. सत्य कळताच त्यानेच तिला आशीर्वाद दिला. आपणही पुढच्या तपासणीस सुनेसोबत जा. तिला तेवढा आधार पुष्कळ होईल.