दुकानात शिरलो, काउंटरचे काय?

दुकानाच्या पोटात दुकान हा धंद्याचा प्रकार आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. सुपरमार्केटचा मालक आपल्या जागेतला एक कोपरा दुसऱ्या कंपनीला देतो. त्या कोपऱ्यात फारसा माल नसतो. एक कॅटलॉग असतो, एक संगणक असतो आणि पावती फाडणारा एक पोरगा असतो. गिऱ्हाईकाने चित्र पाहायचे, नंबर सांगायचा, पैसे भरायचे आणि वस्तू आतून आली की घेऊन जायची. तूरडाळ घ्यायला आलेला माणूस जाताना मिक्सर घेऊन जातो. मालकाला भाडे मिळते, कंपनीला आयते गिऱ्हाईक मिळते. यात आपले काय, असे चळवळीतला वाचक विचारील. आमच्या मते यात आपले बरेच काही आहे, म्हणूनच हा विषय घेतला.

हा धंदा रुळवला तो इंग्लंडातल्या आर्गोस या कंपनीने. १९७३ साली ती सुरू झाली. जाडजूड कॅटलॉग, छोटी पेन्सिल, चिठ्ठीवर वस्तूचा नंबर आणि काउंटरवर वस्तू, अशी तिची रीत. मुख्य रस्त्यावरची स्वतंत्र दुकाने परवडेनाशी झाली, तेव्हा सेन्सबरी या सुपरमार्केट कंपनीने २०१६ साली तिला मालकासकट विकत घेतले आणि आपल्या दुकानांत तिची शेकडो काउंटरे उघडली. छापील कॅटलॉग २०२० साली बंद झाला. काउंटर मात्र राहिले. आपल्याकडेही के. रहेजा समूहाने याच आर्गोसशी करार करून हायपरसिटी-आर्गोस या नावाने मुंबईत हा प्रयोग केला होता. २०१० साल उजाडायच्या आत तो गुंडाळावा लागला. पुढे हायपरसिटीच २०१७ साली फ्यूचर समूहाने घेतली आणि तो समूहही कर्जात बुडाला. आपल्या माणसाला वस्तू हाताळून, ठोकून, वाजवून पाहायची सवय. चित्रावर पैसे टाकायला तो तेव्हा तयार नव्हता. आज मोबाइलवर चित्र पाहून धडगावच्या पाड्यातला तरुणही माल मागवतो. म्हणजे तेव्हा जे मुंबईत फसले ते आज नंदुरबार, शहादा, नवापूरच्या सुपर शॉपीत चालू शकते.

आता मूळ मुद्दा. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, आज ज्याला आपण अनुच्छेद १५ म्हणतो त्या कलमावर चर्चा झाली. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करण्यास कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवता येणार नाही, हे ते कलम. दुकान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, हा शब्द केवळ आत पाऊल टाकण्यापुरता नाही. जो कोणी आपली सेवा लोकांपुढे ठेवतो त्याची सेवा, अटी मान्य असतील तर, मिळण्याचा हक्क त्यात येतो. ज्या देशात दुकानदार वरून हात न लावता माल टाकीत होता आणि पैशावर पाणी शिंपडून घेत होता, त्या देशात हा अर्थ किती मोठा होता हे आपल्या आजोबांना विचारावे. पुढे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून माल नाकारणे हा गुन्हा ठरवला.

पण या सगळ्यात आपण गिऱ्हाईक आहोत. काउंटरच्या अलीकडे उभे आहोत. पलीकडे जाण्याचे काय? खुद्द बाबासाहेबांनी १९१७ साली परदेशातून परतल्यावर शेअर-रोख्यांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा कोणत्या जातीचा हे कळताच गिऱ्हाईक आटले आणि पेढी बंद पडली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाची ही गत. भांडवल नव्हते म्हणून नव्हे, ज्ञान नव्हते म्हणून तर नव्हेच.

नंदुरबार जिल्ह्याकडे याच नजरेने पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात अनुसूचित जमातीचे लोक शेकडा ६९. म्हणजे गल्ल्यात पडणारा बहुतेक पैसा आदिवासींच्या हातून जातो. पण मुख्य पेठेतून एक फेरी मारा आणि पाट्यांवरची आडनावे वाचा. मोलगी-धडगावच्या डोंगरात आदिवासी बाई कैऱ्या चिरून, वाळवून आमचूर करते. तो व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, पाकिटात भरला जातो आणि सुपर शॉपीच्या मांडणीवर येतो. तीच बाई तिथे येते ती गिऱ्हाईक म्हणून.

आठवडे बाजाराला आपण कितीही नावे ठेवा, चिखल म्हणा, गोंधळ म्हणा, पण त्याची एक गोष्ट विसरू नका. बाजार फी भरली की टोपली घेऊन कोणीही बसू शकतो. जागा सार्वजनिक आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला, त्यात शहर फेरीवाला समितीवर अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व द्यावेच लागते. बाजार चारभिंतींच्या आत गेला की हे सगळे दाराबाहेर राहते. कोपरा कोणाला द्यायचा हे मालक ठरवतो. अनुच्छेद १५ गिऱ्हाईकाला आत नेतो. काउंटर कोणाचे हे तो सांगत नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून धंद्यात अडथळा आणणे हाही गुन्हा आहे, हे खरे. परंतु 'जागा शिल्लक नाही' या तीन शब्दांमागे जात होती हे कोर्टात सिद्ध करणे किती अवघड, हे आम्ही वकिली करणारे जाणतो.

तरीही आम्ही या प्रकाराला सरसकट विरोध करणार नाही. मॉल आला की मोर्चा, एवढ्यावर चळवळ थांबू नये. कॅटलॉगच्या धंद्यात माल भरून ठेवावा लागत नाही. वडिलोपार्जित गाळा लागत नाही, पागडी लागत नाही. दहा बाय आठचा कोपरा आणि कंपनीचे अधिकारपत्र असले की भागते. पेट्रोल पंपाच्या वाटपात अनुसूचित जाती-जमातींसाठी साडेबावीस टक्के राखीव ठेवता येतात. केंद्र सरकारच्या खरेदीतही त्यांच्या लघुउद्योगांसाठी चार टक्के वाटा ठरला आहे. मग नगरपालिकेची जमीन, एमआयडीसीचा भूखंड किंवा सरकारी सवलत घेऊन जे सुपरमार्केट उभे राहते, त्याच्या करारात दोन काउंटरे आदिवासी बचत गटांना आणि दलित तरुणांना देण्याची अट का नको? ही मागणी परवानगी देताना करायची असते. फीत कापून झाल्यावर निवेदन देऊन उपयोग नाही.

ज्याला असा कोपरा मिळेल त्याने सही करण्यापूर्वी कागद वाचावा. बहुतेक वेळा हा भाडेपट्टा नसतो, लिव्ह अँड लायसन्स असते. जागेत तुमचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकाने परवाना रद्द केला तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे माल हलवायला वाजवी मुदत मिळते, बस. म्हणून किती महिन्यांची नोटीस, अनामत कधी परत, विक्रीवर टक्का की ठरावीक भाडे, हे लिहून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते की असा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, ती जबाबदारी जागामालकाची. नसला तर अटींबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. हे कलम मालक स्वतःहून तुम्हाला सांगणार नाही.

आणि गिऱ्हाईकाचेही दोन शब्द. पंखा आठ दिवसांत जळाला की शॉपीवाला म्हणतो, ते काउंटर आमचे नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, कंपनीला फोन करा. फोन इंग्रजीत बोलतो. भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाने काय करावे? पावतीवर नाव कोणाचे हे पैसे देण्याआधी पाहावे. पावती न देणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार ठरवला आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. अर्ज साध्या मराठीत चालतो. आमच्या शाखांनी बुद्धविहारात रविवारी तासभर बसून असे अर्ज लिहून द्यायला काय हरकत आहे? नंदुरबारच्या कार्यकर्त्यांनी पहिली बैठक शहाद्याला घ्यावी, मोलगीच्या बचत गटातल्या बायांना बोलवावे आणि येताना नगरपालिकेने गेल्या पाच वर्षांत कोणाला कोणत्या अटींवर जागा दिली त्याची माहिती अधिकारातून काढलेली यादी सोबत आणावी.