चौथी दिशा आणि पुठ्ठ्याचे ठोकळे



कुपवाडला आमच्या वस्तीत संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. ऑफिसातले खतावणीचे काम संपवून मी तेथे जातो. परवा दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मी पुढे गणित सोडणार. त्याला डोकं लागतं, आमच्या घरात ते कुणाला नाही." तिचे वडील एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. मला वाईट वाटले, कारण मीही भूमितीला भिऊनच बी.कॉम.ला गेलो होतो.

त्या दिवशी पुस्तक मिटले आणि सर्वांत अवघड वाटणारा विषय काढला : चार मितींचा आकार. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती. या तिन्हींशी काटकोनात चौथी दिशा असेल तर? एक मुलगा म्हणाला, "चौथी मिती म्हणजे काळ." बरोबर. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ज्या सापेक्षता सिद्धांतावर आयुष्यभर काम केले, त्यात काळ ही चौथी मिती आहे. पण गणितात जागेचीही चौथी दिशा मानता येते. ती डोळ्यांना दिसत नाही, हिशेबात मात्र सापडते.

रेघेला टोके २, चौरसाला कोपरे ४, खोक्याला ८. आकार नव्या दिशेने सरकवला की जुने आणि नवे कोपरे मिळून दुप्पट होतात. म्हणजे पुढच्या आकाराला १६. कडाही तशाच. जुन्या कडांची दुप्पट करायची आणि प्रत्येक कोपऱ्याने सरकताना ओढलेली एकेक रेघ त्यात मिळवायची. चौरसाच्या ४ कडांचे ८, अधिक ४ कोपरे, झाल्या १२. खोक्याच्या कडा मोजून पाहा, १२च भरतात. मग खोक्यापुढच्या आकाराच्या किती? ती मुलगी फळ्यापाशी गेली आणि तिने लिहिले : २४ अधिक ८, बरोबर ३२. जगातल्या कोणत्याही प्राध्यापकाचे उत्तर हेच येईल.

मग मी मुलांना ॲलिशिया बूल स्टॉट या बाईंची हकीकत सांगितली. जन्म १८६० चा, आयर्लंडमधला. वडील जॉर्ज बूल मोठे गणिती, पण ही चार वर्षांची असतानाच ते वारले. कॉलेजचे शिक्षण तिला मिळाले नाही. घरी येणाऱ्या हिंटन नावाच्या गृहस्थांनी लाकडी ठोकळे मांडून चौथ्या मितीची कल्पना दिली, तेवढ्यावर तिची दृष्टी उघडली. पुढे तिने सेक्रेटरीची नोकरी केली, लग्न केले, दोन मुले वाढवली आणि घरातच पुठ्ठ्याचे आकार बनवले.

तिची युक्ती बायकांना लगेच कळेल. बटाट्याच्या चकत्या केल्या तर पहिली लहान, मधली मोठी, शेवटची पुन्हा लहान. चकत्या सपाट असतात, पण ओळीने पाहिल्या की बटाटा कसा होता ते समजते. चार मितींच्या आकाराची चकती मात्र सपाट नसते, ती ठोकळ्यासारखी भरीव असते. अशा चकत्या तिने पुठ्ठ्यात उभ्या केल्या. हॉलंडच्या प्राध्यापक स्खाउटे यांनी त्या पाहिल्या आणि तिच्याबरोबर काम केले. १९१४ मध्ये ख्रोनिंगन विद्यापीठाने तिला सन्मानाची डॉक्टरेट दिली.

आई-वडिलांना माझी विनंती आहे. घरात रिकामे खोके आले तर लगेच रद्दीत टाकू नका. मुलांना ते उलगडू द्या. झाकण-तळ धरून सहा बाजू दिसतील. चार मितींचे खोके उलगडले तर आठ घन मिळतात, हेही त्यांना सांगा. आणि "आपल्याला गणित कुठलं जमतंय" हे वाक्य मुलांसमोर कधीही बोलू नका. मुले ते खरे धरतात.

ती मुलगी गणित घेईल की नाही, हे तिचे तिने ठरवायचे आहे. पण त्या दिवशी ती वही मागून घेऊन गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी पाचव्या मितीचा हिशेब मांडून आली : कोपरे ३२, कडा ८०. मी तपासला, बरोबर होता.