घरीच असतो म्हणजे रिकामा नसतो

पोस्ट लांबलीय. पण तुमच्या घरात कुणी घरी बसून स्वतःचं काम करत असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि घरातल्या बाकीच्यांनाही वाचायला द्या.

परवा सहज आमच्या गल्लीतली अशी माणसं मोजली. ब्लाउज शिवणाऱ्या दोघी, मसाले आणि पापड करणाऱ्या एक मावशी, शिकवण्या घेणाऱ्या तिघी, लग्नपत्रिकांचं डीटीपी करणारा एक, शहरातल्या दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहून देणारी एक मुलगी आणि लोकांचे व्हिडिओ एडिट करून देणारा एक पोरगा. एका गल्लीत नऊ जणं. परवापर्यंत यातल्या चौघांचं काम मलाही माहीत नव्हतं. (आम्ही तालुका वार्ताहरही घरूनच बातम्या पाठवतो, पण ते रडगाणं आज नको.)

या लोकांना सल्ले भरपूर मिळतात. पहाटे पाचला उठा, कामांची यादी करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, सकारात्मक राहा. सल्ले वाईट नाहीत. पण यादी करून मशीनवर बसलेल्या बाईच्या दारात आधी सिलिंडरवाला येतो, मग शेजारच्यांचं कुरिअर येतं, मग नणंदेचा फोन येतो, "आईंना जरा दवाखान्यात नेतेस का, तू घरीच आहेस ना." हे "घरीच आहेस ना" दिवसाचे जेवढे तास खातं तेवढे मोबाइलही खात नाही. तिचा नवरा दुकानात दुपारभर गिऱ्हाईकाची वाट बघत बसला तरी तो कामावर असतो. ती दिवसाला चार ब्लाउज उतरवते, पण ती मात्र घरी असते.

पोरांचं दुखणं वेगळं. स्थळ बघायला आलेले विचारतात, मुलगा काय करतो? आई सांगते, कॉम्प्युटरवर काम करतो, घरीच असतो. बोलणी तिथंच थांबतात. त्या व्हिडिओवाल्या पोराची कमाई एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराइतकी तरी नक्की आहे. पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाही, हा त्याचा गुन्हा. तो मला म्हणाला, "दादा, काम जमतंय, पण आठ आठ दिवस घरच्यांशिवाय कुणाशी बोलणं होत नाही." चोविशीतला पोरगा आहे हा. त्याला पहाटे पाचला उठवून काय होणार?

शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी एक साधी गोष्ट केली. दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली, "१० ते १, ३ ते ६". आधी गल्ली हसली. सासूबाईंचं म्हणणं, घराला कसल्या वेळा लावतेस, दुकान आहे का? वहिनी हटल्या नाहीत. साताला मशीनवर कापड टाकायचं आणि मग कितीही घाईचं गिऱ्हाईक आलं तरी उद्या. दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाइकं वेळ बघून यायला लागली. काम कमी झालं नाही, रात्री बारापर्यंत मशीन चालवणं बंद झालं. मला विचाराल तर ती पाटी घरातल्यांसाठी जास्त होती, गिऱ्हाइकांसाठी कमी.

लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटले, तिथून सुरुवात. त्याची कौतुकं आपण फार ऐकतो. मला त्यातली कामाची पद्धत महत्त्वाची वाटते. सकाळी केंद्रावर जायचं, मळलेलं पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड केंद्रावर द्यायचे, वजन व्हायचं आणि लाटण्याचे पैसे हातात. म्हणजे काम घरातच, पण दिवसाला सुरुवात आहे, रोज घराबाहेर पडणं आहे, चार बायकांशी बोलणं आहे आणि पैसे वेळेवर आहेत. शिवाय त्या बहिणी स्वतः मालक. एकट्यानं घरी काम करणाऱ्याकडे नेमक्या याच गोष्टी नसतात, आणि त्यांची भरपाई टाइमटेबलनं होत नाही.

पैशांचं तर बोलायलाच नको. डीटीपीवाल्याची निम्मी डोकेदुखी उधारीची. पण हे माहीत असू द्या: उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, सरकारी फी शून्य. ती असलेल्या छोट्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार १५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, आणि तक्रारीला सुविधा परिषद आहे. नोंदणी मात्र काम करून देण्याआधीची हवी. आता शेजारणीनं ब्लाउजचे दीडशे थकवले म्हणून कुणी परिषदेत जाणार नाही, मान्य. पण शहरातल्या ज्या दुकानांचे हिशेब ती मुलगी लिहिते, त्यांना बिलावर उद्यम क्रमांक दिसला तर फरक पडतो.

दुसरी गोष्ट विजेची. घरात शिलाई मशीन दिसली की कमर्शियल मीटर लागेल, या भीतीनं कितीतरी जणी पाटी लावत नाहीत, दार ओढून काम करतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत यावर स्पष्ट तरतूद आलेली आहे. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागू. एक मशीन, एक इस्त्री, एक कॉम्प्युटर एवढ्यावर बहुतेक घरं यात बसतात. जुनी बिलं काढा, बारा महिन्यांची बेरीज करा. कुणी दम दिला तर आदेशातलं कलम लेखी मागा.

आणि आता नगरपालिकेकडे मागणी. आपल्या वाचनालयाची अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी सकाळी भरलेली असते, ते बरोबरच आहे. पण दुपारी दोन ते पाच निम्मी टेबलं रिकामी असतात, मी तीन दिवस जाऊन पाहिलंय. त्यातली पाच टेबलं, पाच प्लग आणि एक इन्व्हर्टर अशा लोकांसाठी राखून ठेवा. महिन्याला शंभर-दोनशे फी लावा, हरकत नाही. दुरुस्तीच्या दिवशी लाईट जाते तेव्हा टॅलीवाल्या मुलीला लॅपटॉप घेऊन मावशीच्या गावाला जावं लागणार नाही, आणि त्या पोराला निदान चहाला सोबत मिळेल. इन्व्हर्टर सोडला तर खर्च जवळपास नाही.

या सोमवारी अकरा वाजता मी मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्यायला जातोय. सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत कमेंटमध्ये नाव आणि काम लिहा. "गृहिणी" किंवा "बेरोजगार" लिहू नका, जे काम करता ते लिहा.