मशीनला मनगट नसतं

वेगवान चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. तेवढ्यात नुसत्या चेंडूवर विसंबून भागत नाही. म्हणून कसलेला फलंदाज चेंडू सुटण्याआधीच गोलंदाजाचा हात आणि मनगट वाचू लागतो. ऑस्ट्रेलियातले संशोधक ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी हे प्रयोगांतून दाखवलं. गोलंदाजाची चित्रफीत चेंडू सुटायच्या सुमारास थांबवली, तरी निष्णात फलंदाजांचा अंदाज नवख्यांपेक्षा अचूक निघतो.

बोलिंग मशीनला मनगट नसतं. तरीही मुलांना तासन्‌तास तिच्यासमोर उभं केलं जातं, याची मला खरोखर काळजी वाटते. 2009 साली पिंडर, रेनशॉ आणि डेव्हिड्स या संशोधकांनी होतकरू फलंदाजांना मशीन आणि खरा गोलंदाज अशा दोघांसमोर खेळवलं, तेव्हा त्यांच्या फटक्यांचं टायमिंग आणि हालचालींचा मेळ वेगवेगळा आढळला. प्रशिक्षक म्हणतील, एकच फटका शंभरदा घोटून घ्यायला मशीनइतकं सोयीचं काही नाही, शिवाय गोलंदाजांचे खांदेही वाचतात. हे मान्यच, तयार खेळाडूला एखादा दोष काढण्यापुरती ती हवी. पण ज्याला गोलंदाज वाचायलाच अजून शिकायचंय, त्याचा मुख्य सराव मशीनवर नको. नेटमध्ये मुलांनीच आळीपाळीने एकमेकांना चेंडू टाकावेत, मग निम्मे वाइड गेले तरी चालतील.