बर्फाची कड आणि भाड्याचे जहाज

मुळा धरणाच्या पातळीवर वर्षाचे गणित मांडणाऱ्या राहुरीस अंटार्क्टिकाच्या बर्फावरील सरकारी खर्च चैनीचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या पावसाचे बाष्प ज्या हिंदी महासागरातून येते, त्याचे दक्षिणेकडील पाणी त्याच बर्फाला भिडते. बर्फ वितळला की गोडे, हलके पाणी खाऱ्यावर तरंगते. कडेशी दोहोंची धारदार सीमा पडते आणि वरखालची घुसळण मंदावते. गोठताना मीठ बाहेर पडून जड पाणी बुडते. महासागर किती उष्णता पोटात घेणार, यात या कडेचाही हात असतो.

२०२३ मध्ये तेथील हिवाळी बर्फ १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींत सर्वांत कमी भरला. उपग्रह बर्फ मोजतो, घुसळण नव्हे. तीस जहाज लागते. १९८१ ची पहिली मोहीम गोव्याहून भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने निघाली. स्वतःच्या ध्रुवीय जहाजासाठी सामंजस्य करार व्हायला २०२५ उजाडले! भाड्याचे जहाज मुख्यतः मैत्री व भारती या तळांना रसद पोचविते. कडेशी रेंगाळण्यास त्यास सवड कोठली?