धूम्रपान, ‘अँटिऑक्सिडंट’ आणि रसायन

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आपल्या व्यवसायात आता इतका रुळला आहे की, च्यवनप्राशाच्या डब्यापासून आवळ्याच्या कॅप्सूलपर्यंत अनेक वेष्टनांवर तो आढळतो. ‘रसायन’ या संज्ञेचा हाच आधुनिक पर्याय होय, असे व्याख्यानांतूनही सांगितले जाते. शब्दांची ही उसनवारी एरवी फारशी बाधक नसेल. धूम्रपान करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र ती घातक ठरू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ तर्क वरकरणी निर्दोष होता. तंबाखूच्या धुरातील फ्री रॅडिकल्स फुप्फुसाच्या पेशींना इजा करतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी आढळते. त्यामुळेच अमेरिकेत २००० साली अशा व्यक्तींसाठी रोजची मात्रा ३५ मिलिग्रॅमने अधिक ठरविण्यात आली. भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, हेही निरीक्षण होते. मग भाजीतील ‘कार्यकारी’ द्रव्य वेगळे काढून गोळीतून दिले, तर संरक्षण का मिळू नये?

या प्रश्नाचे उत्तर फिनलंडमधून आले. १९८५ ते १९९३ या काळात तेथे ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला आणि एकूण मृत्यू ८ टक्क्यांनी अधिक झाले. ई जीवनसत्त्वाने हा कर्करोग रोखला नाही. अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात काम केलेले असे १८,३१४ जण होते. त्यांपैकी एका गटाला बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिले जात होते. त्या गटात कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक दिसू लागल्याने ती चाचणी जानेवारी १९९६ मध्ये, मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली.

रक्षक द्रव्य भक्षक कसे झाले, याचा काहीसा उलगडा फेरेट या प्राण्यावरील प्रयोगांतून होतो. धूर आणि मोठ्या मात्रेतील बीटा-कॅरोटीन एकत्र आले असता फुप्फुसात कर्करोगपूर्व बदल दिसले. धुराने भरलेल्या फुप्फुसात या द्रव्याचे स्वतःचेच विघटन होते आणि त्यातून अपायकारक घटक निर्माण होतात. मात्रा, काल, देश आणि रुग्णाची अवस्था न पाहता द्रव्य योजू नये, हे आपल्याला नवे नाही.

हे निष्कर्ष वेगळ्या काढलेल्या, मोठ्या मात्रेतील द्रव्याचे आहेत. गाजराचे किंवा आवळ्याचे नव्हेत. त्यांवरून च्यवनप्राशाला दोषी ठरविणे अशास्त्रीय होईल. परंतु धूर चालू असताना च्यवनप्राश फुप्फुसाचे रक्षण करतो, असे म्हणण्याइतक्या मोठ्या चाचणीचा आधारही आपल्यापाशी नाही, हे तितक्याच प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मला अधिक चिंता वाटते ती खोट्या निर्धास्तपणाची. तैवानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धूम्रपान करणाऱ्या सर्वांना औषधविरहित गोळीच दिली होती. परंतु ज्यांना ती जीवनसत्त्वाची असल्याचे सांगितले, त्यांनी नंतर अधिक सिगारेटी ओढल्या. माझ्याकडे कासासाठी येणारा पन्नाशीतील एक ट्रकचालक याच भाषेत बोलतो : “डॉक्टरसाहेब, बिडी काय सुटायची नाही. पण रोज दोन कॅप्सूल चालू आहेत, छाती साफ राहते.” ती कॅप्सूल त्याला कोणी लिहून दिलेली नाही, औषधालयातून ‘फुप्फुसांसाठी चांगली’ म्हणून मिळाली आहे.

वास्तविक आपल्या शास्त्राचा क्रम उलटा आहे. आधी निदानपरिवर्जन, मग शोधन आणि त्यानंतर रसायन. मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाही, हा दृष्टान्त आपण पदवीच्या वर्गातच शिकलो. प्राणवह स्रोतसाची दुष्टी रोज वीस वेळा घडत असताना वर्धमान पिप्पली काय करणार? नष्ट झालेले वायुकोश पुन्हा निर्माण होत नाहीत, पण पुढची हानी मंदावते ती धूम्रपान सोडल्यानेच. ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाठपुराव्यात (निष्कर्ष २००४) साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे ३, पन्नासाव्या वर्षी ६, तर चाळिसाव्या वर्षी ९ वर्षांचे आयुष्य अधिक लाभले. एवढे देणारी कॅप्सूल माझ्या पाहण्यात नाही.

अहितकर सवय सोडण्यासाठी चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात पादांशिक क्रम सांगितला आहे. तो वापरावा, पण शेवटचा दिवस आधी ठरवून. २०१६ मध्ये इंग्लंडमधून आलेल्या अभ्यासात ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर हळूहळू कमी करून सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के जण चार आठवड्यांनंतरही दूर राहिले होते. ‘कमी करतोय’ हे उत्तर वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या वैद्याने हा फरक लक्षात घ्यावा.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींना दोन विनंत्या आहेत. बीटा-कॅरोटीन अथवा अ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असलेली कॅप्सूल देताना ग्राहकाला बिडी-सिगारेटविषयी विचारावे आणि तो ओढत असल्यास ती देऊ नये. तसेच ‘कर्करोगापासून संरक्षण’ असा मजकूर असलेला फलक कंपनीने पाठविला, तरी तो लावू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आहे आणि प्रतिबंधाचा दावाही त्या कायद्याच्या कक्षेत येतो. त्या जागी तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेचा क्रमांक लावता येईल : १८००-११-२३५६.