सीडी४ वाढला, मग गोळ्या बंद?

परवा शनिवारी जुना रूमपार्टनर कामोठ्याला घरी आला. (त्याला विचारूनच लिहितोय.) चहा ठेवेपर्यंत रिपोर्ट पुढ्यात. "बघ, सीडी४ तीनशे दहा! दोन वर्षांपूर्वी नव्वद होता. आता गोळ्या थांबवल्या तर चालतील ना रे?"

आम्ही आयटीवाले.. एरर दिसेनाशी झाली की तिकीट क्लोज! इथे तसं नाही. औषधं एचआयव्हीची वाढ रोखतात, पण तो काही पेशींत दडून बसलेलाच असतो. औषध थांबलं की बहुतेकांत काही आठवड्यांतच डोकं वर काढतो. २००६ साली 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासात सीडी४ बघून औषध थांबवून पाहिलं होतं. थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. तेव्हा उत्तर: नाही, अजिबात नाही.

हा आकडा सुरुवातीला भराभर चढतो, कारण लसिकाग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परत येतात. पुढे मात्र नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात, आणि त्यातला मोठा वाटा असलेली थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते. म्हणून जो फार खालून सुरुवात करतो, तो अनेकदा पाचशेपर्यंत पोचतच नाही. शिवाय ह्याला टीबी होता. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मानेच्या गाठी सुजल्या, ताप आला. त्याला वाटलं औषध बाधलं. खरं तर जागी झालेली प्रतिकारशक्तीच टीबीच्या जंतूंवर तुटून पडली होती!

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १ एप्रिल २००४ला सरकारने मोफत औषधं सुरू केली, मुंबईचं जेजे पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हा साधारणपणे सीडी४ दोनशेखाली जाईपर्यंत थांबावं लागे. २०१७पासून ती अट गेली, निदान झालं की उपचार. म्हणजे आता जी वाट बघितली जाते ती आपणच बघतो. ह्याला टेस्ट कर म्हणून डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. साहेब गेले नाहीत. का? नोकरी जाईल. अरे, नोकरीसाठी एचआयव्ही टेस्टची सक्ती करायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे, आणि तो २०१८पासून लागूही आहे!

कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी सगळं हौसेने तपासतो आपण. ही टेस्ट सरकारी केंद्रात फुकट होते, नाव गुप्त राहतं, तरी पाय उचलत नाहीत.

एवढं तावातावाने त्याला सुनावलं, तर तो म्हणाला, "तू केलीयस का?"

नाही. सोमवारी हाफ डे टाकलाय.